दोन पिशव्या

(घरी बसून मजुरीचं काम करणाऱ्या स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मी काही भाषण करणारी नाही. मी शिवणारी बाई आहे. गेली तीस वर्षं सोलापुरात मशीन चालवते. आधी शाळेच्या गणवेशाचं काम घरी आणायचे. कॉलरी, पट्ट्या, खिसे, नगावर मजुरी. आता आमच्या गटाबरोबर काम करते. शिबिराच्या ताई म्हणाल्या, "तुम्ही ती शेकाची पिशवी घेऊन या आणि तिच्याबद्दलच बोला." म्हणून आले. ही बघा ती पिशवी. हातात घ्या, पुढे द्या, पण फिरून माझ्याकडे परत आली पाहिजे. ही विकायची नाही, माझी आहे. काल रात्रीच कंबरेला लावून बसले होते.

हिच्यात ज्वारी आहे. सव्वा किलो. बाहेरून सुती खोळ, आत मांजरपाटाची पिशवी, तिला चार कप्पे. तापवायची आणि दुखतं तिथे ठेवायची. पंधरा-वीस मिनिटं चांगली ऊब राहते. एवढीच वस्तू आहे. पण तिच्यापायी आमच्या गटात दोन वर्षं जी भांडणं झाली, ती मला तुम्हाला सांगायची आहेत.

पहिल्या बैठकीत मी म्हटलं, "आपल्याला पिशवीचं काम मिळतंय." तर मागून एक अक्का म्हणाली, "माझी पिशवी तर चार वर्षांपूर्वीच काढली." सगळ्या हसल्या. मीही हसले. मग आणखी एक म्हणाली, "माझीपण." मग तिसरी. बैठकीला सतरा बायका होत्या, त्यांतल्या चौघींची गर्भपिशवी काढलेली निघाली. चौघीही पंचेचाळिशीच्या आतल्या. मग कुणी हसलं नाही. त्या पिशवीकडे मी शेवटी येते. आधी ही, ज्वारीची.

शेक आपल्याकडे होताच

शेक ही काही नवी गोष्ट नाही. माझी आई तव्यावर मीठ परतून फडक्यात पुरचुंडी बांधायची. पोट दुखलं तर ओव्याची पुरचुंडी. गुडघ्याला वाळूची. वीट तापवून गोणपाटात गुंडाळून पायाशी घ्यायची. बाळंतिणीच्या खाटेखाली तर निखाऱ्यांची शेगडीच. आपल्यातल्या कितीतरी जणी त्या धुरात ठसकत बाळंतपणाचे दिवस काढून उठल्या. त्यात पोरं भाजल्याच्या, बंद खोलीत जीव गुदमरल्याच्या गोष्टीही ऐकल्या. जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या देशांतही बायकांनी हेच केलं. स्वित्झर्लंड-जर्मनीकडे चेरीच्या बियांच्या उशा करतात. चेरीपासून दारू गाळली की बियांचे ढीग उरायचे. कामगार त्या बिया शेगडीवर तापवून अंगाला लावायचे, असं तिथे सांगतात. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात गव्हाच्या पिशव्या असतात. म्हणजे हाताशी जे आहे त्याचाच शेक. मायक्रोवेव्ह घरोघर आले तसं तेच पिशवीत शिवून त्यात ठेवायला लागले. तिकडची ही वस्तू आपल्या शहरांतल्या दुकानांत आली आणि तिथून आमच्याकडे नमुना म्हणून आली.

एक व्यापारी तो नमुना घेऊन आला. म्हणाला, "कापड, धान्य माझं. शिलाई पंचवीस रुपये नग. महिन्याला दोनशे नग लागतील." आम्हाला आनंद झाला. गणवेशाचं काम हंगामी असतं, शाळा सुरू झाल्या की थंड. हे बारमाही वाटलं. घरी गेल्यावर माझी सून म्हणाली, "आई, पण मायक्रोवेव्ह कुणाकडे आहे?" गटातल्या सतराजणींपैकी एकीच्याही घरी नव्हता. ज्यांच्या घरी स्वयंपाकाला, धुण्याला जातो तिथे होता.

शिकत गेलो

सोपं काम वाटलं होतं, तसं ते निघालं नाही. काय काय चुकलं ते सांगते, म्हणजे तुमच्यापैकी कुणी करणार असेल तर तिचं चुकणार नाही.

कापड शंभर टक्के सुती पाहिजे. गणवेशाची कात्रणं आमच्याकडे ढिगाने होती, ती वापरू म्हटलं. पण त्यात पॉलिस्टरची मिसळ. ते तापल्यावर वितळतं. कात्रणातला एक दोरा काढून काडीने जाळून बघायचा. सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते, मिसळ असेल तर कडक गाठ होते. दोराही सुतीच घ्यायचा. चेन, हूक, टिचबटण काही नाही. एकीने हौसेने खोळीला जुन्या साडीचा जरीकाठ लावला. फार सुंदर दिसत होता. पण जर म्हणजे धातू, मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात. तो काठ उसवताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पाहिलंय.

भरायला काय घ्यायचं, यावर महिनाभर प्रयोग चालले. तांदूळ चांगले तापतात, पण भाताचा वास येतो आणि भूक लागते, असं सगळ्या म्हणाल्या. गहू चालतो. जवस गुळगुळीत, डोळ्यांवर ठेवायच्या लहान पिशवीला छान, पण महाग आणि तेलकट. बार्शीकडे चिंच फोडायला जाणारी एक मावशी चिंचोके घेऊन आली. मला ती कल्पना फार आवडली. तिकडे चेरीच्या बिया, इकडे चिंचोके. पण चिंचोका मोठा, अंगाला बसेना. खडीवर निजल्यासारखं वाटायचं. शेवटी ज्वारीच बरी ठरली. दाणा गोल, पिशवी मानेवर कशीही वळते.

यावरही एकीने हरकत घेतली. "खायची ज्वारी शेकायला? अन्नाचा अपमान आहे." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. दुष्काळाच्या जिल्ह्यातली माणसं आपण. तेव्हा असं ठरलं की खायची चांगली शाळू घ्यायची नाही. पावसात भिजून काळी पडलेली स्वस्त मिळते, पण तीही नाही, कारण तिला बुरशी असते. बारीक, हलक्या प्रतीची पण कोरडी आणि किडकी नसलेली घ्यायची. निवडायची, पाखडायची, दोन-तीन दिवस कडक उन्हात घालायची. धुवायची नाही. अत्तर, तेल काही घालायचं नाही, कारण तेल तापून पेट घेतं. पिशवी दोन तृतीयांशच भरायची. गच्च भरली तर अंगाला बसत नाही. कप्पे शिवले नाहीत तर सगळे दाणे एका टोकाला जातात. शिवण दुहेरी, टाके बारीक. खोळ वेगळी, म्हणजे ती धुता येते.

जळलेली गोधडी

आता जे घडलं ते. आमच्यातली एकजण एका घरी स्वयंपाक करते. तिथल्या बाईंची कंबर दुखायची म्हणून हिने आपली एक पिशवी त्यांना प्रेमाने दिली. त्यांनी तापवली, बरं वाटलं. गार व्हायच्या आत पुन्हा तापवली. मग पुन्हा. आणि गोधडीत गुंडाळून ठेवून दिली. थोड्या वेळाने जळका वास आला. आतली ज्वारी कोळशासारखी झाली होती आणि गोधडीला हाताएवढं भोक पडलं होतं. कुणाला इजा झाली नाही. पण गोधडीचे पैसे हिच्या पगारातून कापले.

आम्ही सगळ्या घाबरलो. असं का झालं ते एका विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी समजावलं ते असं. मायक्रोवेव्हमधल्या लहरी मुख्यतः पाण्याचे कण हलवून वस्तू तापवतात. आपण कोरडं म्हणतो त्या धान्यातही दहा-बारा टक्के पाणी असतं. दर वेळी तापवलं की त्यातलं थोडं उडतं. पिशवी गार झाली, हवेतली ओल दाण्यांनी परत ओढून घेतली तर ठीक. पण लागोपाठ तापवली तर दाणा सुकत जातो आणि सुकलेला दाणा आतून जळतो. बाहेरून कळत नाही. गोधडीत गुंडाळल्यावर तर उष्णता बाहेर पडायला वाटच नाही. इंग्लंडमधली अग्निशमन दलंसुद्धा अशा पिशव्यांबद्दल लोकांना पुन्हा पुन्हा सावध करतात, हेही त्यांनीच सांगितलं.

मग आम्ही एक चिठ्ठी तयार केली. एक मिनिट तापवा, बाहेर काढून हलवा, लागलं तर अर्धा मिनिट आणखी. सोबत कपभर पाणी ठेवा. समोरून हलू नका. पूर्ण गार झाल्याशिवाय पुन्हा तापवू नका. पांघरुणात ठेवू नका, घेऊन झोपू नका. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. साखरेच्या आजारामुळे ज्यांच्या पायांना कळत नाही त्यांनी पायाला लावू नये. तान्ह्या बाळाला नको. जळका वास आला की फेकून द्या. ही चिठ्ठी कापडावर छापून प्रत्येक पिशवीला शिवायची, असं गटात ठरलं.

व्यापारी म्हणाला, "चिठ्ठी काढा. गिऱ्हाईक घाबरतं."

मैत्रिणींनो, इथे गट फुटायची वेळ आली. मी म्हटलं, चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत. एक मुलगी म्हणाली, "तुमचा मुलगा कमावतो. माझ्या घरी महिन्याचे ते पाचशे-सहाशे रुपये म्हणजे गॅसची टाकी नाहीतर पोरांची फी आहे. कुणाच्या तरी बंगल्यातली गोधडी जळेल म्हणून मी माझी चूल बंद करू?" मला त्या वेळी उत्तर देता आलं नाही. आजही तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. चौघीजणी त्या व्यापाऱ्याकडेच राहिल्या. बाकीच्या आम्ही तेराजणी चिठ्ठी धरून बसलो आणि काम गेलं.

हिशेब

काम गेल्यावर आम्ही पहिल्यांदा हिशेब मांडला. आधीच मांडायला हवा होता, पण आपल्याला सवय नसते. शिलाई मिळते ना, मग झालं, असं वाटतं.

एका पिशवीला कापायला, शिवायला, भरायला, तोंड बंद करायला पाऊण तास लागतो. पाऊण तासाला २५ रुपये, म्हणजे आठ तास मान मोडून काम केलं तर साधारण २६५ रुपये. त्यातून दोरा आमचा, सुई आमची, वीज आमची, मशीनची दुरुस्ती आमची, जागा आमची. ज्वारी निवडायला, वाळवायला जो वेळ जायचा तो कुणी मोजलाच नव्हता, कारण ते घरच्या म्हाताऱ्या सासवा करत होत्या. शहरातल्या दुकानात तीच पिशवी साडेचारशेला होती. आमच्यातली एक मुंबईला बहिणीकडे गेली तेव्हा किंमत वाचून आली.

मग आम्ही स्वतः करायच्या ठरवल्या. ज्वारी, कापड, दोरा, छपाई मिळून १०० रुपये. शिवणारीला ६०. निवडणारी-वाळवणारीला आणि नेण्या-आणण्याला २०. गटाच्या फंडात २०. किंमत २०० रुपये. सासूच्या हातात जेव्हा पहिल्यांदा निवडण्याचे पैसे ठेवले तेव्हा ती म्हणाली, "हे कशाचे? मी कुठं काय केलं?" साठ वर्षं राबलेली बाई.

खपतात किती? महिन्याला पन्नास-साठ. दोनशे नाही. खोटं कशाला सांगू? शाळेतल्या शिक्षिका, बँकेतल्या बायका, दवाखान्यातल्या परिचारिका घेतात. यावर तेराजणींचं घर चालत नाही. पण त्यातून एक गोष्ट झाली. आम्ही गणवेशाच्या कामाचाही असाच हिशेब मांडला आणि यंदा मजुरी ठरवायला सगळ्या एकत्र गेलो. कॉलरीमागे पन्नास पैसे वाढले. कमी आहेत, पण मागून घेतले.

शिबिरांमध्ये मी नेहमी ऐकते की बायकांना शिवण, पापड, लोणची यांतच अडकवून ठेवलं जातं. खरं आहे. शिलाई मशीन वाटलं, फोटो काढला की बायकांचा विकास झाला, असं समजणारे पुष्कळ आहेत. पण मला शिवणच येतं. ते सोडून मी मुक्त होईन ती कशी? प्रश्न शिवणाचा नाही, भाव कोण ठरवतं त्याचा आहे. आमच्या सोलापुरात घरी बसून बिडी वळणारी बाईसुद्धा कामगारच आहे, असं १९६६ च्या बिडी कामगारांच्या कायद्यात लिहिलं गेलं. त्यामागे कामगारांचे लढे होते. १९७२ साली अहमदाबादेत इला भट्ट यांनी 'सेवा' सुरू केली ती याच मुद्द्यावर, की घरातली, रस्त्यावरची बाईही कामगार आहे. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. तोवर आपण 'फावल्या वेळात चार पैसे मिळवणाऱ्या'. माझा फावला वेळ सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री अकराला संपतो.

आपल्यासाठी

आता ही जी पिशवी तुमच्या हातात फिरते आहे, तिचं तोंड बघा. शिवलेलं नाही, नाडी आहे. ही दुकानातली नाही. ज्या बिडी वळतात, मशीनवर बसतात त्या सगळ्यांचीच मान, पाठ, कंबर दुखते. दिवसभर दुसऱ्यांच्या दुखण्यासाठी पिशव्या शिवायच्या आणि रात्री स्वतः कण्हायचं, असं चाललं होतं. मग बिडीवाली एक अक्का म्हणाली, "तव्यावरची पिशवी करा की." कापड तव्यावर ठेवलं तर करपतं. म्हणून नाडीची केली. ज्वारी कढईत मंद आचेवर परतायची, पिशवीत ओतायची, नाडी आवळायची. खूण सोपी आहे. दाणे उडून लाह्या फुटायला लागल्या की जास्त तापलं. नागपंचमीला लाह्या फोडणाऱ्या बायकांना हे शिकवावं लागत नाही. गार झाली की ज्वारी डब्यात, पिशवी खुंटीला. ही आम्ही शंभरेक शिवल्या, फक्त कापडाच्या पैशात. मायक्रोवेव्ह लागत नाही, गोळीचा खर्च वाचतो.

पाळीच्या दुखण्यावर शेकाने खरंच आराम पडतो. २००१ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात तर पोटावर सतत सौम्य ऊब ठेवल्याने वेदनाशामक गोळीइतका आराम मिळाल्याचं दिसलं. आजीची पुरचुंडी अगदीच अडाणी नव्हती.

पण आता ती दुसरी पिशवी. जिच्यामुळे पहिल्या बैठकीत हसू थांबलं.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची बातमी सगळीकडे आली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहाजणींत एकीची. का? पाळीत पोट दुखतं, अंगावरून जातं, फडात आडोसा नाही, पाणी नाही. एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. मग खाजगी दवाखान्यात कुणी सांगतं, काढून टाका, पुढे कॅन्सर होईल. आणि बाई काढून घेते, कारण तिला दुखण्यासाठी सुट्टी नाही.

आमच्या गटातल्या त्या चौघीही असंच सांगत होत्या. एकीला तर पांढरं जात होतं, बस्स. दुसरं मत घ्यायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आता तिची हाडं दुखतात, रात्री घामाने भिजून जागी होते. तिला मी ज्वारीची पिशवी दिली. तिने लावली आणि म्हणाली, "एवढं जरी तेव्हा कुणी दिलं असतं, आणि दोन दिवस निजू दिलं असतं."

हे वाक्य मी इथे तुमच्यासाठी आणलं. म्हणून माझी विनंती आहे की ही पिशवी 'घरगुती उपाय' म्हणून बायकांच्या हातात देऊन मोकळ्या होऊ नका. दर महिन्याला दुखून आडवं पडावं लागत असेल, पाळीशिवायही दुखत असेल, फार रक्त जात असेल, पोटात एका बाजूला कळ आणि ताप असेल, तर शेकत बसायचं नाही. डॉक्टरकडे जायचं, सोबत एकीला न्यायचं. आणि पिशवी काढायला सांगितलं तर दुसऱ्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सही करायची नाही. आम्ही ही चार वाक्यंही चिठ्ठीच्या मागच्या बाजूला छापली आहेत. नाडीच्या पिशवीला तर पहिल्यापासून आहेत. व्यापाऱ्याने ती छापू दिली असती का, तुम्हीच सांगा.

जेवणानंतर मी इथेच बाहेर मांडव घालून बसणार आहे. कापड कापून आणलंय, ज्वारी आणली आहे, सुया-दोरे आहेत. ज्यांना शिकायचं त्यांनी या. हाताने शिवली तरी चालते, फक्त उलटा टाका बारीक घाला. आणि शिवता शिवता आपापल्या गावात कॉलरीला, बिडीला, पापडाला काय दर मिळतो तो मला सांगा. मी वही आणली आहे, लिहून घेते.

माझी पिशवी कुणाकडे आहे? हां, तिकडे मागे. असू दे, त्या मावशींची मान दुखतेय वाटतं. चहाच्या चुलीवर कढई चढवायला सांगा.